सर्पराजाच्या तोंडावरच्या रेघा

प्रणिता मेश्राम माया लोकांवर काम करते असं सांगितलं की न्यू जर्सीच्या पिस्कॅटवे गावातल्या आपल्या माणसांचे दोन प्रकार पडायचे. पहिला प्रकार विचारायचा, "माया म्हणजे ते जग बुडणार होतं, ते ना?" दुसरा प्रकार काहीच विचारायचा नाही, सरळ सांगायला लागायचा. दुसऱ्या प्रकारात इंजिनियर फार.

मी तिच्याबरोबर काही वर्षं एका अपार्टमेंटमध्ये राहिले. मी नाशिकची भावना, औषधाच्या कंपनीत आकडेवारीचं काम करते. ती नागपूरची, इंदोऱ्यातली, इथल्या युनिव्हर्सिटीत पुरातत्त्वात पीएचडी करत होती. उंचीने लहान, आवाजाने मोठी, आणि कुणाचंही बोलणं पूर्ण होईपर्यंत डोळे न मिटता ऐकायची. समोरच्याला वाटायचं, पोरगी इम्प्रेस झाली. ती खरं तर त्याच्या वाक्यातला भुसा वेगळा काढत असायची.

माया का, असं मी तिला सुरुवातीलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "पुण्यात एम.ए. करताना दोन उत्खननांवर गेले. दोन्हीकडे खड्डा गुडघाभर झाला नाही तोच पुढारी येऊन काठावर उभे. कुणाचं निघालं? आमचं की त्यांचं? मडक्याला जात विचारायचे यार. म्हटलं, जिथे खाली माझं कुणी नाही आणि वर भांडायला कुणी येणार नाही, अशा ठिकाणी जाऊन खणू."

पहिलं तिने बरोबर ओळखलं होतं. दुसरं साफ चुकलं.

तिचे गाइड होते प्रोफेसर हेडली. उंच, रुबाबदार माणूस. न्यू जर्सीच्या कॉरिडॉरमध्येसुद्धा जंगलातलं खिसेच खिसे असलेलं जॅकेट घालून फिरायचे, जणू कॉफी मशीनच्या मागून जग्वार येणार आहे. त्यांच्या नावावर एक मोठी थिअरी होती आणि त्या थिअरीच्या जिवावर त्यांचं बरं चाललं होतं.

ती थिअरी समजायला थोडं मागे जावं लागतं. माया लोकांचं एकच साम्राज्य असं कधी नव्हतं. आजच्या ग्वाटेमाला, मेक्सिको, बेलीझच्या जंगलात लहान लहान राज्यं होती, आणि प्रत्येक राजा स्वतःला देवाच्या खालोखाल समजायचा. त्यांच्या वर दोन बडी राज्यं. एक टिकाल, आणि दुसरं सापाचं चिन्ह लावणारं, म्हणून त्याला सर्पराज्य म्हणतात. या दोघांचं पिढ्यान्पिढ्या वैर. लहान राजाने दोघांपैकी एकाच्या आश्रयाला जायचं आणि दगडावर कोरून घ्यायचं की मी अमक्याचा माणूस, मी गादीवर बसलो ते त्यांच्या देखरेखीखाली.

"म्हणजे आपल्याकडचे फ्लेक्सच," प्रणिता म्हणायची. "वर मोठ्या साहेबांचा फोटो, खाली हात जोडलेला हा. फक्त यांनी दगडात कोरलं, म्हणून टिकलं."

प्रोफेसर हेडलींना फ्लेक्स खरा वाटायचा. दगडावर निष्ठा लिहिली आहे म्हणजे पोटात निष्ठा होती, अशी त्यांची समजूत. कुठलं लहान राज्य कुठल्या मोठ्याचं निष्ठावान, याचे त्यांनी रंगीत नकाशे केले होते, आणि त्या नकाशांवर ते देशोदेशी व्याख्यानं देत. आणि जे नकाशात बसत नसे, ते सगळं 'विधी'. भिंतीखाली मडकं सापडलं, विधी. उंबऱ्यापाशी कुत्र्याची हाडं सापडली, विधी. प्रणिता म्हणायची, या माणसाला कुणाचा टूथब्रश सापडला असता तर त्याने त्यावर सूर्योपासनेचा पेपर लिहिला असता.

त्या उन्हाळ्यात ते लोक ग्वाटेमालातल्या एल चिलार नावाच्या जागी खणत होते. लहानसं राज्य, लहानसा राजवाडा. प्रोफेसरांनी समोरचा दरबार स्वतःकडे ठेवला आणि प्रणिताला मागचं स्वयंपाकाचं अंगण दिलं. तिथे राख, हाडं, फुटकी भांडी, मोठा उकिरडा. प्रोफेसरांच्या लेखी ही शिक्षा नव्हती. त्यांना ती जागा दिसतच नव्हती.

त्या अंगणातून सांडपाण्याची एक मोरी उकिरड्याकडे जात होती. मोरीच्या तोंडाशी एक मोठी सपाट शिळा बसवलेली. वरचा गाळ ब्रशने निघाला तसं प्रणिताला कळलं की शिळा कोरीव आहे. अर्धी भिंतीखाली गेलेली, अर्धी उघड्यावर. भिंतीचे दगड हलवल्यावर दिसलं, खालच्या अर्ध्यावर एल चिलारचा राजा उभा होता, अगदी सुरक्षित, कानातल्या कुंडलांपर्यंत जसाच्या तसा. बाजूला मजकूर होता की हा गादीवर बसला आणि सर्पराजाने ते करवलं. आणि उघड्यावरच्या अर्ध्यावर, उंच आसनावर बसलेले, खुद्द सर्पराजे. त्यांच्या चेहऱ्यावर रेघा होत्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत खोल, गुळगुळीत, बोट जाईल अशा.

तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना त्या रेघा ओळखीच्या होत्या. हाडाच्या सुया दगडावर घासून टोकदार करतात, तेव्हा अशाच रेघा पडतात. बाजूच्या राखेत तशा मोडक्या सुया निघाल्याही. म्हणजे त्या अंगणातल्या बाया, किंवा बाप्ये असतील, रोज खरकटं पाणी ओतताना, बसून गप्पा मारताना, सर्पराजाच्या नाकावर सुया घासत होत्या. अंगणात दगडांना तोटा नव्हता. त्यांना हाच सापडला होता.

तिने मला तिथून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आईचा तांदळाचा डबा!"

तो डबा मला माहीत होता. तिचे वडील एका कॉलेजात लॅब अटेंडंट होते. एकदा तिथल्या संस्थेच्या आमदारांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना स्मृतिचिन्हं वाटली, लाकडी फळीवर स्वतःचा हसरा फोटो चिकटवलेली. आमदार गाडीतून उतरले की वडिलांना उभं राहून नमस्कार करावा लागायचा, आणि ते करायचे. घरी प्रणिताच्या आईने ती फळी तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून टाकली, फोटो वर करून, आणि गॅसवरून उतरलेली कढई रोज त्या फोटोवर टेकवायची. आमदारांचं हसू महिन्याभरात काळं पडलं. घरात कुणी यावर एक शब्द बोललं नाही. कुणाला काही सांगायची गरजच नव्हती.

प्रोफेसर हेडली मोरीपाशी आले, शिळा बघितली आणि खूश झाले. सर्पराज्याशी निष्ठेचा लेखी पुरावा! एल चिलार त्यांच्या नकाशात आजवर पांढरं होतं, आता रंगवता येणार होतं. रेघांकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग. शिळेला निवृत्त करण्याचा विधी."

परत आल्यावर युनिव्हर्सिटीने बातमी दिली, मग इथल्या पेपरात आली. 'विद्यार्थिनीला सापडला राजनिष्ठेचा पुरावा.' फोटोत प्रणिता शिळेशेजारी उकिडवी बसलेली. त्या एका फोटोने आमच्या मराठी मंडळाला साक्षात्कार झाला की प्रणिता नावाची कोणी मुलगी पिस्कॅटवेत राहते.

मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथ काका. टेलिकॉममधून रिटायर झालेले, आणि रिटायर झाल्यापासून प्राचीन इतिहासात शिरलेले. त्यांनी आम्हा दोघींना ऑक्टोबरातल्या एका शनिवारी घरी जेवायला बोलावलं. वीणाकाकूंनी अळूवड्या केल्या होत्या, आणि आल्या आल्या प्रणिताच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "किती गं बारीक झालीस जंगलात! बस, घे."

मग चौकशी सुरू झाली. काकूंनी ती अशा हलक्या हाताने केली की आमच्या औषधाच्या कंपनीतल्या ऑडिटवाल्यांनी शिकावी.

"मेश्राम म्हणजे विदर्भ ना?"

"नागपूर."

"नागपुरात कुठे? धरमपेठ?"

"इंदोरा."

"अच्छा, अच्छा," काकू म्हणाल्या. अळूवड्यांची प्लेट त्यांनी टेबलाच्या मध्ये ठेवली. "घ्या ना, संकोच करू नका."

'घे'चं 'घ्या ना' झालं होतं. एका उत्तरात मुलगी पाहुणी झाली. पुढे त्यांनी असंही विचारलं, "तुमच्याकडच्या मुलांना हल्ली बाहेर यायला स्कॉलरशिप वगैरे मिळतात ना सरकारकडून?"

"मला इथल्या युनिव्हर्सिटीने दिली काकू," प्रणिता म्हणाली. "त्यांना इंदोरा कुठे आहे ते माहीत नाही. ते मार्क बघतात."

काका या सगळ्यात नव्हते. ते आपल्या विषयाकडे धावत होते. "मला सांग, पांडवांची मयसभा कोणी बांधली? मयासुराने. मग मयासुर गेला कुठे? पाताळात. पाताळ म्हणजे पृथ्वीच्या खालची बाजू. म्हणजे?" त्यांनी आम्हाला उत्तर द्यायला जागा ठेवली नाही. "अमेरिका!"

"काका, ते लोक स्वतःला माया म्हणायचेच नाहीत," प्रणिता म्हणाली. "प्रत्येक राज्याचं आपापलं नाव होतं. माया हे नाव सगळ्यांना मिळून नंतर चिकटवलं."

"तेच तर! नंतर का चिकटवलं? कुणाला तरी माहीत होतं!"

या माणसाने आयुष्यभर फोनच्या तारांचे फॉल्ट शोधले, असं म्हणतात. ते नेटवर्क कसं चाललं असेल, देव जाणे.

तेवढ्यात बाहेर लॉनवाल्याचा ट्रक आला आणि माझी गाडी त्याच्या ट्रेलरच्या आड येत होती. किल्ली माझ्याकडून घेऊन प्रणिताच उठली. काचेच्या दारातून आम्हाला दिसत होतं, तिने गाडी मागे घेतली आणि मग पानं उडवायचं मशीन पाठीला लावलेल्या त्या माणसाशी स्पॅनिशमध्ये बोलत उभी राहिली. बराच वेळ. दोघं हसत होते. काका अस्वस्थ झाले, कारण त्यांच्या स्लाइड्स अजून बाकी होत्या.

ती आत आली आणि म्हणाली, "काका, तुमच्या लॉनवर माया आहे."

"काय आहे?"

"माया. त्याचं नाव डोमिंगो. ग्वाटेमालातल्या डोंगरातला आहे. घरी माम बोलतात, ती माया भाषाच आहे. लाखो लोक आहेत असे, कुठेही गेलेले नाहीत. मला विचारत होता, युनिव्हर्सिटीत गवत कापायला माणसं घेतात का."

"तो? तो मेक्सिकन आहे," काका म्हणाले.

"किती वर्षं येतोय तुमच्याकडे?"

"घर घेतल्यापासून."

"आणि नाव?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आम्ही आपलं अमिगोच म्हणतो त्याला."

मग गुरुनाथ काकांनी चष्मा सारखा केला आणि जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही.

"ते राजघराण्यातले मूळचे माया वेगळे."

परतताना गाडीत प्रणिता इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी हसले नाही. मला त्या बाईचं 'घ्या ना' डोक्यात बसलं होतं.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचं पत्रक आलं. नाट्यप्रवेश, गाणी, फराळ, आणि विशेष व्याख्यान. गाणाऱ्यांची, पेटीवाल्यांची, अगदी फराळाच्या प्रायोजकांचीही नावं आडनावांसकट. व्याख्यात्या, 'डॉ. प्रणिता'. बस, एवढंच.

तिने माझ्यासमोरच काकांना फोन लावला, स्पीकरवर. "काका, डॉक्टर मी अजून झाले नाही, आणि मेश्राम जन्मापासून आहे. तुम्ही उलटं छापलंय."

"अगं, जागा नव्हती. आणि नुसतं प्रणिता कसं, मॉडर्न वाटतं."

"मग तुमचंही नुसतं गुरुनाथ छापा. दोघं मॉडर्न होऊ."

दोन दिवसांनी नवीन पत्रक आलं. त्यात मेश्राम होतं, जरा बारीक अक्षरात, पण होतं. मला वाटलं होतं ती आता जाणार नाही. ती म्हणाली, "जाते ना. त्यांनी ते नाव टाइप केलं, मग निदान ऐकून तरी घेऊ देत."

रविवारी दुपारी शाळेच्या ऑडिटोरियममध्ये कार्यक्रम झाला. व्याख्यान नाट्यप्रवेशानंतर आणि जेवणाआधी, म्हणजे जी वेळ कुणालाच नको असते ती तिला दिलेली. मागच्या रांगा आधीच फराळाच्या टेबलाकडे सरकत होत्या. तिने टिकाल सांगितलं, सर्पराज्य सांगितलं, लहान राजे दोघांना कसे झुलवायचे ते सांगितलं आणि शेवटी शिळेचा फोटो दाखवला. सर्पराजाचं तोंड भल्यामोठ्या पडद्यावर, रेघा रेघा झालेलं.

संजीव आणि अनिका म्हणून एक जोडपं आहे, त्यांची इथेच जन्मलेली मुलगी आन्या पहिल्या रांगेत बसली होती. तिने हात वर केला. "सो दे वर, लाइक, रोस्टिंग हिम? एव्हरी डे?"

"एक्झॅक्टली," प्रणिता म्हणाली. तिचा चेहरा उजळला. त्या सबंध हॉलमध्ये प्रश्न म्हणावा असा तेवढा एकच आला.

मग गुरुनाथ काका आभार मानायला उभे राहिले आणि म्हणाले, "अशा रीतीने प्रणिताताईंनी पुराव्यासह दाखवून दिलं, की मयासुराचा वारसा..." टाळ्या पडल्या. मी खुर्चीतून उठणार होते. प्रणिताने माझा हात धरला आणि म्हणाली, "चल, चकल्या संपतील."

आपलेच म्हणवणारेही मागे नव्हते. एप्रिलमध्ये आमच्याकडे आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम लायब्ररीच्या हॉलमध्ये असतो. तिथे तिचं नाव बॅनरवर, आडनावासकट, हे भलं मोठं. तिथले आयोजक ज्ञानदेव काका, त्यांनी हार घातला आणि माइक हातात घेऊन जाहीर केलं, "सर्पराज्य! सर्प म्हणजे नाग. आणि आपण कोण? नाग लोक! बाई, ते आपलेच निघाले!"

"काका, तुम्ही पण?" प्रणिता माइकशिवायच ओरडली. हॉल हसला. तिने मग सरळ सांगितलं की तो साप वेगळा, हा नाग वेगळा, मध्ये एक अख्खा समुद्र आहे आणि नावं जुळली म्हणून नाती जुळत नाहीत. ज्ञानदेव काकांचा चेहरा पडला. पण ते खाली बसले आणि त्यांनी विचारलं की त्या अंगणातली माणसं कोण होती, गुलाम की नोकर, आणि त्यांना लिहिता येत होतं का, त्यांना माहीत होतं का की दगडावर कुणाचं नाव आहे. प्रणिता त्यावर अर्धा तास बोलली. एवढा फरक होता. मूर्खपणा दोन्हीकडे झाला, पण इथे तो झाल्यावर ऐकूनही घेतलं.

खरी लढाई तोवर युनिव्हर्सिटीत पेटली होती. शिळेवरचा पेपर प्रोफेसर आणि प्रणिता मिळून लिहीत होते. प्रोफेसरांनी तिचा भाग परत पाठवला, त्यात 'तुच्छता' हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे 'विधी' घातलेला. ती त्यांच्या ऑफिसात गेली. तिथे काय झालं ते तिने मला नंतर दोघांचे आवाज काढून करून दाखवलं.

"तुच्छता ही आधुनिक भावना आहे, प्रणिता. प्राचीन माणसं राजाच्या प्रतिमेला घाबरायची. त्यांनी शिळा सन्मानाने निवृत्त केली. जलाशी जोडली. जल म्हणजे पाताळाचं द्वार."

"ते सांडपाणी होतं."

"जल होतं."

"डाळ-तांदळाचं नाही, पण मक्याचं खरकटं होतं सर. आम्ही ते तपासलंय."

तिने त्यांना तांदळाच्या डब्याची गोष्ट सांगितली. आमदार, फळी, कढई. प्रोफेसर शेवटपर्यंत ऐकत होते आणि मग म्हणाले, "चार्मिंग. पण हा किस्सा आहे, पुरावा नाही."

हे त्यांचं बरोबर होतं, आणि हे तिलाही माहीत होतं. तिला त्याहून वेगळीच गोष्ट खात होती. सर्पराज्य पुढे टिकालकडून हरलं. शिळा मोरीत गेली ती त्याच्या आधी की नंतर? कोळशाच्या तारखा इतक्या ढोबळ येतात की दोन्ही शक्य. ती मला म्हणायची, "भावना, नंतर गेली असेल तर काहीच नाही त्यात. हरलेल्याच्या तोंडावर सुया घासायला काय लागतं? आमदार पडल्यावर तर कुणीही शिव्या देतं."

त्या थंडीत ती युनिव्हर्सिटीतल्याच डॉ. इबारा यांच्या लॅबमध्ये बसली. डॉ. इबारा ग्वाटेमालाच्या, मडक्यांच्या तज्ज्ञ, अत्यंत तिरसट बाई. दोघींनी उकिरड्यातलं थरावर थर खापर जुळवलं. शिळा मोरीत बसल्यानंतर वर जो कचरा साठत गेला, त्यात त्यांना रंगीत भांड्यांचे तुकडे मिळाले. सर्पराज्याकडून मांडलिकांना भेट म्हणून यायची तशी भांडी. म्हणजे समोरच्या दरबारात सर्पराजाच्या भेटी अजून येत होत्या, राजा त्या वाकून घेत होता, त्याच ताटांत मेजवान्या झडत होत्या. आणि ती ताटं मागे धुतली जात होती सर्पराजाच्या तोंडावर. ज्या दिवशी तुकडे जुळले त्या दिवशी प्रणिताने घरी येऊन दोन बायकांचं जेवण एकटीने जेवलं.

प्रोफेसरांना दाखवल्यावर ते म्हणाले, "बघ! भेटी येत होत्या. म्हणजे निष्ठा होतीच."

अशा माणसाशी काय बोलणार? तिने पेपरवरून आपलं नाव काढायला सांगितलं. प्रोफेसर दुखावले, खरोखर दुखावले. त्यांना वाटलं पोर कृतघ्न निघाली. पेपर छापून आला, एल चिलार नकाशात रंगलं, आणि पुढच्या सीझनला टीम 'लहान ठेवायची' असल्याने प्रणिताला जागा उरली नाही. टीम दुपटीने मोठी होती, ते आम्ही फोटोत पाहिलं.

गाइड म्हणून डॉ. इबारा उभ्या राहिल्या. थीसिस पूर्ण झाला. व्हायवाला प्रोफेसर हेडली कमिटीत होते, जॅकेट घालून. मी मागे बसले होते, त्यामुळे हे मी स्वतः ऐकलं.

ते म्हणाले, "तू या लोकांच्या मनात तुच्छता होती म्हणतेस. तुच्छता खणून काढता येते का? सिद्ध करून दाखव."

"नाही दाखवता येत," प्रणिता म्हणाली. "पण आदरही नाही दाखवता येत. तुम्ही तीस वर्षं आदर सिद्ध न करता लिहीत आलात. मी फक्त विचारतेय, पूजा करायची असती तर मोरी कशाला? दुसरे दगड असताना हाच का? आणि फक्त वरच्याच राजाचं तोंड का? आपला राजा त्यांनी भिंतीखाली नीट झाकून ठेवला. या लोकांना काय वाटत होतं ते मला माहीत नाही. काय वाटत नव्हतं ते मात्र दिसतंय."

डॉ. इबारा कागदात डोकं खुपसून हसत होत्या. कमिटीने तिला बाहेर बसवलं आणि बराच वेळ चर्चा केली. निकाल असा आला की पास, पण एका दुरुस्तीसह. 'तुच्छता' हा शब्द सगळीकडून काढायचा. त्याऐवजी कमिटीने एकमताने एक शब्दप्रयोग सुचवला होता. त्याचं मराठी करायचं तर 'आदरेतर पुनर्वापर'.

मोठमोठ्या पदव्यांची चार माणसं एका बंद खोलीत बसतात आणि त्यांच्या हातून हे निपजतं. मला वाटलं प्रणिता नकार देईल. तिने दिला नाही. "डिग्री हवीय मला," ती म्हणाली. "व्हिसा संपतोय. शिळा तीच राहणार आहे, ज्याला बघायची तो बघेल." तिने संध्याकाळी बसून सगळे शब्द बदलले, आणि बदलताना दर पानाला मला हाक मारून मोठ्याने वाचून दाखवले. आम्ही दोघी हसून हसून थकलो.

युनिव्हर्सिटीत नोकरी मिळायला प्रोफेसर हेडलींचं शिफारसपत्र लागलं असतं. तिने मागितलं नाही, त्यांनी देऊ केलं नाही. ती आता एका खाजगी कंपनीत आहे. न्यू जर्सीत गोदामं, रस्ते, पाइपलाइन बांधण्याआधी कधी कधी जमिनीत काही जुनं आहे का ते तपासून घ्यावं लागतं, ते काम. मक्याच्या कापलेल्या शेतात ठराविक अंतरावर खड्डे घ्यायचे, माती चाळायची, नोंदवायचं, पुढचा खड्डा. बहुतेक वेळा निघतात बाटल्या, खिळे, पाइपचे तुकडे, जुन्या शेतकऱ्यांचे संडास. गुरुनाथ काकांना कुठून तरी हे कळलं आणि मला मॉलमध्ये भेटल्यावर ते हळहळून म्हणाले, "अरेरे. एवढी शिकली आणि शेवटी संडास खणते?"

मी म्हटलं, "हो ना काका. तिथे कुणी भाषण करत नाही."

परवा मार्चमध्ये मी तिला डबा द्यायला एका साइटवर गेले होते. वारा असा की कान गळून पडतील. हेल्मेट घातलेला बिल्डरचा एक मॅनेजर खड्ड्याच्या काठावर उभा राहून तिला विचारत होता, अजून किती वेळ लागेल, आणि काही महत्त्वाचं तर निघालं नाही ना. त्याला मनापासून वाटत होतं की काही निघू नये. चिखलात गुडघ्यांवर बसलेली प्रणिता मान वर न करता म्हणाली, "निघालं तर तुम्हाला कळवीन. आता जरा सरका, माझा उजेड अडवताय." तो सरकला. मी डबा गाडीच्या टपावर ठेवला आणि तिचं काम उरकायची वाट बघत आत, हीटर लावून बसले.